दाटपणा, प्रवाह आणि तापमान : हिंगोलीच्या ऊसपट्ट्यातील विज्ञान

पूर्णा नदीवरील येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांचे पाणी कालव्यांतून हिंगोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात पोहोचले आणि वसमत तालुक्यात हळदीच्या बरोबरीने ऊसही मोठ्या क्षेत्रावर उभा राहू लागला. १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आणि कुरुंद्याचा टोकाई सहकारी साखर कारखाना हे याच ऊसपट्ट्यातील. उसाची साखर होते ती रासायनिक प्रक्रियांमुळे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ते खरेही आहे. परंतु गाळपाच्या हंगामात कारखान्यातील तंत्रज्ञांना दिवसरात्र ज्या प्रश्नाशी झुंजावे लागते, तो पुष्कळदा रसायनशास्त्राचा नसून समोरचा द्रव किती दाट आहे आणि तो नळातून, जाळीतून किंवा टाकीतून किती वेगाने वाहील, एवढाच असतो. त्याचे उत्तर बहुतांश वेळा तापमापकावर सापडते, कारण दाटपणा हा पदार्थाला कायमचा चिकटलेला गुण नसून विशिष्ट तापमानाला असलेला गुण आहे. मात्र उष्णता देऊन प्रवाह मिळवताना त्याच उष्णतेने पदार्थाची हानीही होत असल्यामुळे, दाट द्रव हाताळणाऱ्या प्रत्येक व्यवसायाला दोन मर्यादांमधला एक अरुंद तापमानपट्टा सांभाळावा लागतो.

श्यानता म्हणजे काय

द्रव वाहतो तेव्हा त्याचे सर्व भाग एकाच वेगाने पुढे सरकत नाहीत; नळाच्या भिंतीला लागून असलेला थर जवळजवळ स्थिर राहतो, मध्यभागाचा थर सर्वांत वेगाने जातो आणि दरम्यानचे थर एकमेकांवरून घसरत राहतात. या घसरण्याला द्रव आतून जो विरोध करतो, त्याला शास्त्रीय परिभाषेत श्यानता म्हणतात आणि व्यवहारात ज्याला दाटपणा किंवा घट्टपणा म्हटले जाते त्याचे मोजता येण्याजोगे रूप म्हणजे ही श्यानता होय. थरांच्या वेगांतील फरक जितका अधिक तितका विरोध अधिक, ही कल्पना आयझॅक न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात मांडली. पाणी, तेल, साखरेचे द्रावण यांसारखे जे द्रव हा सरळ नियम पाळतात, त्यांना म्हणूनच न्यूटनीय द्रव म्हणतात.

श्यानता आणि घनता या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. एरंडेल तेल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे पाण्यावर तरंगते, तरीही २० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता पाण्याच्या जवळजवळ हजारपट असते. श्यानतेचे आंतरराष्ट्रीय एकक पास्कल-सेकंद हे असून २० अंशांच्या पाण्याची श्यानता त्याचा सुमारे एक हजारावा भाग, म्हणजे एक मिलिपास्कल-सेकंद भरते. यापूर्वी रूढ असलेल्या ‘पॉइज’ या एककाला फ्रेंच वैद्यक जाँ लेओनार पॉइझय (१७९७–१८६९) यांचे नाव दिलेले आहे. सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते हे समजून घेण्यासाठी त्यांनी काचेच्या बारीक नळ्यांतून द्रव सोडून प्रयोग केले आणि त्यांतून असे दिसले की, प्रवाह संथ व शिस्तबद्ध असेल तर तो श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात आणि नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात असतो. नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे दाट पाक वाहून नेणारे कारखान्यातील नळ रुंद ठेवणे आणि त्यांना ऊब देणे, हे दोन्ही उपाय याच एका नियमातून निघतात.

उष्णतेने द्रव पातळ का होतो

द्रवातील रेणू एकमेकांना अगदी खेटून असतात आणि परस्परांच्या आकर्षणामुळे प्रत्येक रेणू शेजाऱ्यांच्या घेऱ्यात काही काळ अडकून राहतो. द्रव वाहायचा असेल तर रेणूंना हा घेरा फोडून पलीकडच्या जागी जावे लागते आणि त्यासाठी किमान काही ऊर्जा लागते. तापमान वाढले की एवढी ऊर्जा असलेल्या रेणूंचे प्रमाण झपाट्याने वाढत असल्यामुळे द्रवाची श्यानता सरळ रेषेत न घटता आधी वेगाने आणि मग हळूहळू उतरत जाणाऱ्या वक्राप्रमाणे कमी होते. थंड द्रवाला दिलेले पहिले काही अंश जितका फरक पाडतात, तितका फरक आधीच गरम असलेल्या द्रवाला दिलेले तेवढेच अंश पाडत नाहीत, हे या वक्राचे व्यावहारिक तात्पर्य आहे.

आकड्यांत पाहिले तर शून्य अंशाच्या पाण्याची श्यानता सुमारे १.७९ मिलिपास्कल-सेकंद असते, ती २० अंशांना १ वर, ६० अंशांना ०.४७ वर आणि १०० अंशांना ०.२८ वर येते. साखरेच्या द्रावणात हा परिणाम कितीतरी तीव्र असतो. वजनाने ६० टक्के साखर असलेल्या द्रावणाची श्यानता २० अंशांना पाण्याच्या सुमारे ५८ पट असते. ४० अंशांना ती २१ मिलिपास्कल-सेकंदांच्या आणि ६० अंशांना १० च्या आसपास उतरते. म्हणजे २० पासून ६० अंशांपर्यंत जाताना पाणी निम्म्याहून थोडे अधिक पातळ होते, तर साखरेचा पाक जवळजवळ सहापट पातळ होतो. साखरेच्या मोठ्या रेणूवरील अनेक ठिकाणी पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, त्यामुळे शेजाऱ्यांचा घेरा अधिक मजबूत होतो आणि तो सोडवण्यात उष्णतेचा वाटाही मोठा ठरतो. सर्वसाधारणपणे द्रव जितका दाट तितकी त्याची श्यानता तापमानाला अधिक संवेदनशील असते, असे म्हणता येते. वायूंची गोष्ट मात्र उलट आहे: त्यांचे रेणू दूरदूर असल्याने तेथे विरोध टकरींतून निर्माण होतो, आणि तापमानाबरोबर रेणूंचा वेग वाढत असल्यामुळे गरम हवा थंड हवेपेक्षा अधिक श्यान असते.

काहिलीतला आणि कारखान्यातला पाक

गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत उकळू लागतो तेव्हा वरील नियमाला छेद देणारे दृश्य दिसते, कारण रस उत्तरोत्तर अधिक तापत असूनही अधिकाधिक दाट होत जातो. येथे दोन परिणाम एकाच वेळी काम करत असतात: उष्णता द्रवाला पातळ करत असते, परंतु पाणी उडून गेल्यामुळे साखरेचे प्रमाण वाढत असते आणि हा दुसरा परिणाम पहिल्यावर मात करतो. पाणी कमी होईल तसा उत्कलनबिंदूही चढत असल्याने तापमान हेच पाकाच्या दाटपणाचे माप बनते. साधारण १०५–१०६ अंशांना उतरवलेला पाक काकवी म्हणून द्रवरूपात टिकतो, तर ११८ अंशांच्या आसपास उतरवलेल्या पाकाचा गूळ होतो. पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी कशी जमते यावरून गुळव्या जो निर्णय घेतो, तो वस्तुतः पाकाला अचानक थंड करून त्याची थंडपणीची श्यानता तपासण्याचाच प्रकार आहे. काहीलभर पाक उतरताना वाहता असतो, वाफ्यात ओतून घोटेपर्यंत जड होतो आणि ढेपेच्या साच्यात काही वेळातच अचल होतो. शेवटच्या या टप्प्यात पाणी फारसे घटलेले नसते, घटलेले असते ते केवळ तापमान, आणि त्याबरोबर पाकात साखरेचे स्फटिकही तयार झालेले असतात.

साखर कारखान्यात हीच तत्त्वे अधिक काटेकोरपणे वापरली जातात. द्रवातील विरघळलेल्या घन पदार्थांची वजनी टक्केवारी ‘ब्रिक्स’ या अंशांत सांगतात आणि सुमारे १५ ब्रिक्सचा रस बाष्पीभवन पात्रांतून जाऊन ६० ब्रिक्सच्या आसपासचा पाक होतो. त्याआधी चुना व गंधकाच्या धुराची प्रक्रिया केलेला रस १०० अंशांच्या किंचित वर तापवून निवळण टाकीत सोडतात, कारण गरम रसाची श्यानता कमी असल्याने गाळ लवकर तळाशी बसतो. बारीक कण द्रवात बुडण्याचा वेग श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये दाखवून दिले होते.

पुढे पाक निर्वात पात्रांत शिजवला जातो. पात्रातील हवेचा दाब कमी केल्यामुळे पाक ६० ते ७० अंशांच्या आसपासच उकळतो आणि त्याची गरज अशी की, अधिक तापमानाला साखरेचे रेणू फुटून त्यांचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, ज्यांचे साखरेसारखे स्फटिक बनत नाहीत, शिवाय पाकाचा रंगही गडद होतो. पण तापमान कमी ठेवल्याची किंमत म्हणून पाक दाट राहतो, पात्रात तो नीट फिरत नाही आणि स्फटिकांची वाढ मंदावते. स्फटिक आणि गडद पाक यांचे जे जाडसर मिश्रण तयार होते त्याला मॅसेक्विट म्हणतात; सेंट्रिफ्युगल यंत्राच्या फिरत्या जाळीत ते टाकले की पाक जाळीबाहेर फेकला जातो आणि स्फटिक आत राहतात. उरलेला पाक पुन्हा शिजवला जातो आणि प्रत्येक फेरीत साखर कमी व इतर द्रव्ये अधिक होत गेल्याने, शेवटच्या, म्हणजे ‘सी’ मॅसेक्विटची श्यानता फार मोठी असते.

या शेवटच्या टप्प्यावर तापमानाचा पेच सर्वांत ठळकपणे दिसतो. पाकातील शक्य तेवढी साखर स्फटिकांवर जमावी म्हणून सी मॅसेक्विट क्रिस्टलायझर नावाच्या ढवळणाऱ्या टाक्यांत अनेक तास ठेवून सुमारे ४० ते ४५ अंशांपर्यंत थंड केले जाते, कारण थंड पाकात साखर कमी विरघळते. परंतु अशा पाकाचे तापमान दहा अंशांनी उतरले की श्यानता दुपटीहून अधिक वाढते, आणि इतके घट्ट मिश्रण सेंट्रिफ्युगल यंत्राच्या जाळीतून वेगळे होऊ शकत नाही. पाणी घालून ते पातळ केले तर कष्टाने जमवलेले स्फटिकच विरघळतात. म्हणून मॅसेक्विट यंत्रात सोडण्यापूर्वी पुन्हा हळूहळू ५० ते ५५ अंशांपर्यंत तापवतात. पाक संपृक्त राहील, म्हणजे आणखी साखर विरघळवून घेऊ शकणार नाही, एवढ्याच मर्यादेपर्यंत ही ऊब द्यायची असते. ती मर्यादा ओलांडली की साखर मळीत, म्हणजे शेवटी उरणाऱ्या गडद पाकात, जाते आणि मर्यादेच्या बरेच खाली थांबले तर मळी साखरेला चिकटून राहते. मद्यार्क आणि इथेनॉलसाठी विकल्या जाणाऱ्या मळीत किती साखर वाया गेली, हे अशा रीतीने काही अंशांच्या नेमकेपणावर अवलंबून असते.

गंधकाचा अपवाद

तापवले की द्रव पातळ होतो या नियमाला एक ठळक अपवाद आहे आणि तो साखर कारखान्याच्या आवारातच आढळतो. रस स्वच्छ करण्यासाठी लागणारा गंधक सुमारे ११५ ते ११९ अंशांना वितळतो आणि त्यानंतर काही काळ तो इतर द्रवांप्रमाणेच पातळ होत जातो. मात्र १५९ अंशांच्या पुढे त्याची श्यानता एकाएकी हजारो पटींनी वाढते आणि १८७ अंशांच्या आसपास ती कमाल पातळी गाठते. वितळलेल्या गंधकाचे रेणू आठ अणूंच्या कड्यांच्या स्वरूपात असतात. १५९ अंशांच्या पुढे या कड्या तुटून परस्परांना जोडल्या जातात आणि हजारो अणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात. त्याहून अधिक तापमानाला साखळ्याही तुटू लागतात आणि द्रव पुन्हा पातळ होतो. त्यामुळे द्रव गंधक वाहून नेणाऱ्या नळांना वाफेचे आवरण देताना त्याचे तापमान १५० अंशांच्या फार पुढे जाऊ नये, याची काळजी घ्यावी लागते.

बॉस्टनची मळी

दाट द्रव तापमानावर किती अवलंबून असतो याचा दुःखद पुरावा १५ जानेवारी १९१९ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहराने पाहिला. मद्यार्कासाठी साठवलेल्या सुमारे ८७ लाख लिटर मळीची सुमारे १५ मीटर उंच लोखंडी टाकी फुटली आणि उसळलेल्या लोंढ्यात २१ जणांचा मृत्यू झाला, तर सुमारे १५० जण जखमी झाले. दुर्घटनेचे मूळ कारण टाकीच्या पत्र्याची अपुरी जाडी आणि सदोष बांधणी हे होते. तापमानाने जे केले ते टाकी फुटल्यानंतरचे आहे. दोन दिवसांपूर्वी टाकीत नवी, तुलनेने गरम मळी भरण्यात आली होती, त्यामुळे आतील द्रव बाहेरच्या हिवाळी हवेपेक्षा उबदार आणि म्हणून अधिक वाहता होता. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या विश्लेषणानुसार, रस्त्यांवर पसरलेली मळी थंड हवेत घट्ट होत गेली आणि तिच्यात अडकलेल्यांना बाहेर काढणे त्यामुळे अधिकच कठीण झाले.

रस्ता, ट्रॅक्टर आणि ठिबक

अकोला, हिंगोली आणि नांदेड यांना जोडणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ सारख्या रस्त्यांवर जे डांबर, म्हणजे बिट्युमेन, वापरले जाते त्याची प्रतवारी भारतात श्यानतेवरूनच केली जाते. भारतीय मानक ७३ नुसार व्हीजी-१०, व्हीजी-२०, व्हीजी-३० आणि व्हीजी-४० अशा चार प्रती असून ६० अंशांना व्हीजी-३० ची श्यानता किमान २४०० पॉइज असावी लागते, तर व्हीजी-४० ची किमान ३२००. उन्हाळ्यात ज्या भागात हवेचे तापमान ४२ अंशांपलीकडे जाते तेथे रस्त्याचा काळा पृष्ठभाग त्याहून बराच तापतो, म्हणून मानकाने चाचणीसाठी ६० अंश निवडले आहेत. दुसरीकडे १३५ अंशांना त्याच व्हीजी-३० साठी घातलेली किमान मर्यादा इतकी कमी आहे की दोन तापमानांच्या श्यानतांमध्ये सुमारे सातशेपट अंतर पडते. हे अंतर नसते तर खडीला डांबराचा पातळ थर लावणे आणि तोच थर पुढे वाहनांच्या भाराखाली टिकवणे, ही दोन्ही कामे एका पदार्थाला जमली नसती. मात्र येथेही वरची मर्यादा आहे, कारण मिश्रण करताना डांबर १६५ अंशांच्या फार पुढे नेले तर ते हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून कडक व ठिसूळ होते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये डांबरासारख्याच ‘पिच’ या पदार्थावर सुरू केलेला प्रयोग याची दुसरी टोकाची बाजू दाखवतो: काचेच्या नरसाळ्यातून या पदार्थाचा एक थेंब पडायला आधी साधारण आठ वर्षे लागत, परंतु १९८८ नंतर इमारतीत वातानुकूलन आल्यामुळे पुढचे थेंब बारा-तेरा वर्षांच्या अंतराने, २००० आणि २०१४ मध्ये पडले.

ट्रॅक्टरच्या इंजिन तेलाच्या डब्यावरील ‘१५डब्ल्यू-४०’ अशी खूण हेच दोन टोकांचे गणित सांगते. त्यातील पहिला आकडा थंडीत इंजिन सुरू करताना तेल किती घट्ट राहील हे दर्शवतो, तर दुसरा १०० अंशांना ते किती पातळ होईल हे सांगतो. हिंगोलीत डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि तेच इंजिन नांगरणीत तासन्‌तास तापते. अशा वेळी तेल फार घट्ट असेल तर सुरुवातीला धातूच्या भागांपर्यंत पोहोचत नाही आणि फार पातळ झाले तर भागांमधला तेलाचा पडदा टिकत नाही. तापमानानुसार तेलाची श्यानता किती बदलते हे मोजणारा ‘श्यानता निर्देशांक’ डीन आणि डेव्हिस यांनी १९२९ मध्ये सुचवला. आजच्या बहुश्रेणी तेलांत असे लांब रेणू मिसळलेले असतात, जे थंडीत आकसून राहतात आणि उष्णतेत पसरतात. त्यामुळे तेल पातळ होण्याचा वेग काही प्रमाणात रोखला जातो.

शेतीच्या पाण्यावरही याचा परिणाम होतो. दहा अंशांच्या पाण्याची श्यानता सुमारे १.३१ तर चाळीस अंशांच्या पाण्याची ०.६५ मिलिपास्कल-सेकंद असते, म्हणजे इतर सर्व बाबी समान असतील तर मातीच्या त्याच पोकळ्यांतून गरम पाणी दुप्पट वेगाने झिरपते. ठिबक सिंचनात बारीक, लांब सरळ वाट असलेल्या नळीतून पाणी संथपणे वाहत असेल तर पॉइझय यांचा नियम तंतोतंत लागू पडतो, आणि उन्हात तापलेल्या लॅटरलच्या, म्हणजे शेतातील उपनळीच्या, टोकाकडील नळ्यांतून अधिक पाणी पडू शकते. सध्याच्या ड्रिपरमध्ये पाण्याची वाट मुद्दाम नागमोडी करून प्रवाह खळबळता ठेवलेला असतो, कारण अशा प्रवाहात पाण्याची श्यानता फारसे नियंत्रण ठेवू शकत नाही आणि सकाळ-दुपारच्या पाण्यात मोठा फरक पडत नाही.

पायाखालचा खडक

हिंगोलीच्या काळ्या मातीखाली असलेला बेसाल्ट खडक हाही एकेकाळचा दाट द्रवच होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर पसरलेला लाव्हा बाहेर पडताना ११०० ते १२०० अंश तापलेला होता आणि बेसाल्टी लाव्ह्याची श्यानता अशा तापमानाला साधारण दहा ते शंभर पास्कल-सेकंद असते. थंड होताना त्यात खनिजांचे स्फटिक तयार होत असल्यामुळे केवळ तापमान घटून जेवढी श्यानता वाढली असती, त्याहून ती अधिक वाढते. स्फटिक आणि द्रव यांचे मॅसेक्विटमध्ये जे घडते तेच येथे मोठ्या प्रमाणावर घडते. तरीही दख्खनचा लाव्हा शेकडो किलोमीटर वाहिला आणि आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रीजवळचे त्याचे थर पश्चिमेकडील उगमापासून सुमारे हजार किलोमीटर दूर आहेत, असे अनेक भूवैज्ञानिक मानतात. पृष्ठभागावर लवकर थिजलेली साय आतील लाव्ह्याला ऊब धरून ठेवण्यास मदत करते आणि आतील प्रवाहाचे तापमान फारसे न उतरल्यामुळे तो इतका दूर जाऊ शकतो.

या साऱ्या उदाहरणांतून श्यानतेचा आकडा तापमानाशिवाय अपूर्ण असतो, हे स्पष्ट होते. म्हणूनच इंजिन तेलाचे, डांबराचे आणि साखरेच्या पाकाचे मानक ठरवताना प्रत्येक ठिकाणी अंशही नमूद केले जातात. वसमत किंवा कुरुंद्याच्या कारखान्यात हंगामभर जे कौशल्य पणाला लागते ते पाक तापवण्याचे किंवा थंड करण्याचे नसून, साखर बिघडणार नाही इतका थंड आणि तो वाहू शकेल इतका गरम, या दोन अटी एकाच वेळी पाळण्याचे असते. उष्णतेचा खर्च आणि साखरेची नासाडी हे दोन्ही कारखान्याच्या उत्पन्नावर परिणाम करत असल्याने, काही अंशांचा हा अरुंद पट्टा नेमका सांभाळणे हा उसापासून मिळणाऱ्या प्रत्येक रुपयाशी निगडित असलेला हिशेब ठरतो.